कांद्याच्या जाळीतलं बिऱ्हाड

टाकीसमोर बसा. खुर्चीवर नको, खाली सतरंजीवर, म्हणजे डोळे बरोबर पाण्याच्या मध्यावर येतात. मासे काचेशी गोळा होतील. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे दाणे. हात मांडीवर ठेवून दोन-चार मिनिटं नुसते बसून राहा. काही मिळत नाही असं दिसलं की ते आपापल्या उद्योगाला लागतात. लागू द्या. आज त्यांच्याकडे बघायचंच नाहीये.

आता ऐका. वरून पाईपातून पाणी उतरतंय, तो एक आवाज. पंपाची बारीक घरघर, तो दुसरा. दोन्ही खालच्या कपाटातून येतात. कपाटाचं दार उघडा. आत काचेची लांबोडकी पेटी आहे, तिला तीन कप्पे. दुकानदार तिला सम्प म्हणतात. टाकीतलं पाणी पहिल्या कप्प्यात पडतं, मधल्यातून सरकतं आणि तिसऱ्यातला पंप ते पुन्हा वर फेकतो. माझ्याकडे मधल्या कप्प्यात एक लाल जाळी आहे, मोंढ्यात कांदे भरतात तसली. तिच्यात सिरॅमिकच्या रिंगा, थोडी खापरं, थोडे दगड. सगळ्यांवर तपकिरी साय धरलेली. लातूरच्या या घरातली सहा फुटी टाकी त्या जाळीच्या जिवावर चालते. मन तिथे लावायचंय.

सुरुवात दाण्यापासून करू. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशा टाकीत काठोकाठ ६८० लिटर पाणी मावतं. प्रत्यक्षात सहाशे धरा. दोन ऑस्कर आणि बरोबरचे चार-सहा दांडगे मासे मिळून दिवसाला २० ग्रॅम खाद्य खातात असंही धरू. मत्स्यशेतीतला ढोबळ हिशेब असा की, खाद्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्के अमोनिया बाहेर पडतो, आणि तो बहुतेक सगळा कल्ल्यांतून. तळाशी दिसते, नळीने ओढून काढतो, ती घाण वेगळी. ही दिसत नाही. २० ग्रॅमचे तीन टक्के म्हणजे ०.६ ग्रॅम, आणि सहाशे लिटरमध्ये लिटरमागे एक मिलिग्रॅम. रोज. आठवडाभर कुणी काही केलं नाही तर सात.

त्यात आपलं पाणी बोअरचं. काळ्या दगडातून झिरपून आलेलं, जड, पीएच बहुतेकदा आठच्या आसपास. तीस अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरात एक भागही जहरी रूपात नसतो. पीएच ८ झाला की सात भाग होतो. आणि नांदेड-लातूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणी तीस अंशांवर असणं म्हणजे ती थंडच म्हणायची.

इथे थोडं थांबू. समोरचं पाणी स्वच्छ, चकचकीत दिसतंय. ते स्वच्छ आहे असं डोळे सांगतात, पण डोळ्यांना यातलं काही कळत नाही. पाणी राहण्याजोगं ठेवणारं कुणीतरी खाली जाळीत बसलंय.

ते कोण, हे बघायला नांदेडला चला. नगीना घाटाच्या पाण्यातल्या पायरीवर कधी अनवाणी पाय टाकला असेल, तर घोट्यापर्यंत पाण्यात गेल्यावर पाय सटकतो तो क्षण आठवा. घरातलं मोठं माणूस लगेच दंड धरतं, ‘शेवाळलंय, जपून.’ पण हिरवं काही दिसत नाही अशा पायरीवरही पाय सटकतो. ती बुळबुळ जिवंत असते. दगडाला चिकटून, स्वतःच्याच चिकट रसात घर करून राहिलेले असंख्य जिवाणू, शेवाळं, बारीक जीव. गोदावरी पायरीवरून वाहते आणि वाहता वाहता त्यांना खायला घालते. आपल्या जाळीतली तपकिरी साय म्हणजे तीच पायरी, फक्त कपाटात आणलेली.

त्या सायीतली जी जमात अमोनिया खाते तिचं वागणं विलक्षण आहे. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की १८९० च्या सुमाराला झ्युरिकमध्ये या जिवाणूंच्या मागे लागला होता. प्रयोगशाळेतलं नेहमीचं पोषक खाणं दिलं की ते वाढत नसत. ज्यात सेंद्रिय काही नाही, अशा नुसत्या क्षारांच्या पाण्यात ठेवल्यावर वाढले. अमोनिया जाळून ते ताकद मिळवतात आणि अंग बांधायला लागणारा कार्बन घेतात तो पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडातून, बायकार्बोनेटातून. आपल्या तोटीवर, गिझरमध्ये, चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो आणि त्याच्या नावाने घरोघर कुरकुर चालते. तो जडपणा या बिऱ्हाडाला शिध्यासारखा उपयोगी पडतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना चुनखडीच्या हिशेबात सात ग्रॅमांहून जास्त क्षारता खर्च होते. मऊ पाण्याच्या गावात हा साठा संपून जिवाणू थंडावतात. आपल्या बोअरच्या पाण्याचा एवढा एक तरी फायदा.

पुस्तकात दोन पायऱ्या असतात: एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. २०१५ च्या अखेरीस जाहीर झालं की नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांना ते सापडले कुठे, तर तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या माशांच्या हौदाला जोडलेल्या फिल्टरात. सव्वाशे वर्षं जगाने ज्या कामावर पुस्तकं लिहिली, ते एकट्याने करणारे असे कपाटातच बसलेले होते.

आणि ते सावकाश वाढतात. दुधाला रात्री विरजण लावलं तर सकाळी दही, कारण दह्याचे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहूनही जास्त. म्हणून नवी टाकी ‘सायकल’ व्हायला, म्हणजे हे जिवाणू पुरेसे साठायला, चार ते सहा आठवडे घेते, आणि म्हणूनच या छंदातले कितीतरी मासे पहिल्या महिन्यात मरतात. दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी, एकाच रिक्षातून घरी आलेले असतात.

आता घराचा विचार करा. जिवाणू आपल्याला आणावे लागत नाहीत, ते येतात. आपल्या हातात आहे ते त्यांना चिकटायला जागा देणं. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीचा दगडी ठोकळा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस मीटर. तोच ठोकळा फोडून एक-एक सेंटिमीटरचे चौकोनी खडे केले तर सगळ्यांचे पृष्ठभाग मिळून सहाशे चौरस मीटर. दगड तेवढाच, जागा शंभरपट. आणखी फोडून मिलिमीटरचे कण केले तर सहा हजार. इथपर्यंत आलं की मन म्हणतं, मग वाळूच भरावी! बरोबर इथेच फसायला होतं. वाळूच्या फटी आठ दिवसांत गाळाने बुजतात, पाणी आत जाईनासं होतं आणि आतली सहा हजारांची मालमत्ता कोंडून मरते. यांना नुसतं घर पुरत नाही, घरापुढून रस्ता लागतो, आणि त्या रस्त्याने हवा घेऊन पाणी यावं लागतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे साडेचार ग्रॅमांहून अधिक ऑक्सिजन लागतो. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. त्यातला माशांनाही हवा.

म्हणून मीडियाच्या, म्हणजे जिवाणूंना चिकटायला भरतात त्या रिंगा-खड्यांच्या, डब्यावर छापलेल्या आकड्यांकडे मी शांतपणे बघतो. एका लिटरमध्ये शेकडो चौरस मीटर, असं काय काय लिहिलेलं असतं. आकडा खोटा नसेलही. त्या सिरॅमिकच्या पोटात तेवढी बारीक छिद्रं असतीलही. पण साय धरली की छिद्राचं तोंड बुजतं, आणि त्या सायीत ऑक्सिजन शिरतो तो केसाच्या जाडीएवढाच. आतल्या खोल्या भाड्याने जात नाहीत. उलटं गणित करून बघा. रोजचा ०.६ ग्रॅम अमोनिया पचवायला, दर चौरस मीटरला दिवसाला एक दशांश ग्रॅम इतका मंद वेग धरला तरी, सहा चौरस मीटर लागतात. आठ बाय आठच्या खोलीची फरशी, बस. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाण्यासाठी एक प्लॅस्टिकची चकती निघाली. वाटाण्याहून थोडी मोठी, आत अधिकचं चिन्ह असलेली नळी. दुकानात तिला के-वन म्हणतात. तिच्या एका घनमीटरात कामाची जागा ५०० चौरस मीटर. म्हणजे आपल्या सहा चौरस मीटरांना बारा लिटर के-वन. एक लहान बादली.

एवढं मनात बसलं की मीडिया निवडणं सोपं होतं, आणि स्वस्तही. माझं मत विचाराल तर पहिल्या कप्प्यात मोठ्या छिद्रांचा स्पंज, तो गाळ अडवतो आणि स्वतःही बऱ्यापैकी जिवाणू सांभाळतो. त्यामागे जे परवडेल ते. फुटलेल्या माठाची खापरं चांगली. फक्त माठ रंगवलेला नको. भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्याही चालतात, साबण लागलेल्या नाही, नव्या. तारेच्या मात्र मुळीच नाही.

आणि दगड. दुकानात ‘लाव्हा रॉक’ म्हणून पाकीट मिळतं, कधी परदेशातलं. ते हातात घेतलं की मला हसू येतं. आपण सगळे बसलोय ते लाव्हावरच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे थरांवर थर वाहत आले, ते थिजून दख्खनचा काळा पाषाण झाला. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून दगड सच्छिद्र झाला. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. विहिरीच्या ढिगाऱ्यात असा जाळीदार तुकडा मिळाला तर उचलून आणा, पण एक परीक्षा घ्या. त्याच्या पोकळ्यांत पुष्कळदा पांढरी खनिजं भरलेली असतात, त्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर आत कॅल्साइट आहे. आपल्या आधीच जड पाण्याला त्याची गरज नाही. नखाने भुगा पडत असेल तर तो मुरूम होत चाललाय, तोही सोडून द्या. कडक आणि फेस न येणारा तेवढा घ्या. याच दगडाच्या मुलखात, उदगीरला, मत्स्यविज्ञानाचं महाविद्यालय आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, टँकरच्या प्रदेशात. ते तिथे आहे याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. पाणी कमी असेल तिथेच ते फिरवून वापरायची विद्या लागते.

आता जाळीकडे या. मीडिया कशात कोंडायचा, हा प्रश्न मीडियाएवढाच मोठा आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

पाण्याचा स्वभाव लक्षात घ्या. ते सोपी वाट धरतं. गच्च भरलेली जाळी कप्प्यात ठेवली, तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली, तर पाणी त्या फटीतून निघून जातं आणि जाळी नुसती भिजत राहते. म्हणून एका मोठ्या गाठोड्याऐवजी दोन-तीन छोट्या जाळ्या, प्रत्येक पाऊण भरलेली, म्हणजे कप्प्याच्या आकारात ती उशीसारखी बसते. कडेला हात घालून बघा. बोटाला जिथे जोर लागतो, तिथून पाणी पळतंय.

जाळीचं छिद्र मीडियाहून लहान, पण गाळ अडकेल इतकं बारीक नको. कांद्याची जाळी यासाठीच बरी. मच्छरदाणीचं कापड पंधरा दिवसांत चिखलाने लिंपून जातं. सुती पिशवी कुजते. मी पहिल्यांदा तोंड सुतळीने बांधलं होतं. तीन महिन्यांत सुतळी कुजली, रिंगा घरंगळल्या, एक पंपाच्या तोंडाशी जाऊन बसली आणि रात्री दोनला कटकट सुरू झाली. जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरू नका, तो मुलामा पाण्यात उतरतो आणि माशांना बाधतो. नायलॉनची दोरी, सरकफास. भाजीचा प्लॅस्टिक क्रेट कप्प्यात बसत असेल तर त्यात जाळ्या रचाव्यात, खाली दोन बोटं जागा सोडून, म्हणजे गाळ तळाशी बसतो.

के-वनला उलट जाळी नकोच. त्याला मोकळं सोडायचं, कप्पा निम्म्याहून थोडाच जास्त भरायचा, खालून एअर पंपाचे बुडबुडे, आणि बाहेर जायच्या तोंडाला कडक जाळीची भिंत. ते उकळत्या डाळीसारखं फिरत राहतं, एकमेकांवर घासून जुनी साय झडते.

आणि धुणं. ही गोष्ट माझी आहे. खूप वर्षांपूर्वी, नळाला पाणी आलं त्या दिवशी, उत्साहाने सगळ्या जाळ्या काढून नळाखाली चोळून चोळून धुतल्या. रिंगा नव्यासारख्या पांढऱ्या झाल्या. घरच्यांना बोलावून दाखवल्या. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून होते, सहाव्या दिवशी मोठा ऑस्कर गेला. नळाच्या पाण्यात क्लोरीन होतं, ते त्याचं काम करत होतं. तेव्हापासून जाळी टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा बुचकळायची, एका वेळी एकच.

लाईट गेली की काय होतं तेही मनात आणून ठेवा. पंप थांबतो, जिवाणू थांबत नाहीत. भोवतालच्या पाण्यातला ऑक्सिजन ते संपवून टाकतात. झाकणबंद कॅनिस्टर फिल्टर असेल तर तासा-दोन तासांत ते गुदमरायला लागतात. उघड्या सम्पमध्ये जास्त टिकतात. इन्व्हर्टरवर पंखा एक वेळ नको, एअर पंप असावा.

आता त्या लाल जाळीकडे पुन्हा एकदा बघा, आणि २०१६ चा उन्हाळा आठवा.

धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मला तो आकडा ऐकताना माझी टाकी आठवली आणि मान खाली गेली. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, नायट्रेट नाहीसं करत नाहीत. ते काढायला दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं लागायचं, दीडशे लिटर. आठ-दहा घागरी. बाहेर घागरींची रांग होती.

मासे नांदेडच्या नातेवाइकांच्या हौदात गेले, त्यांची बोअर चालू होती. टाकीतलं सहाशे लिटर पाणी आम्ही फेकलं नाही. संडासाला आणि दारातल्या कढीपत्त्याला ते महिनाभर पुरवलं. कढीपत्ता त्या उन्हाळ्यात जितका हिरवा होता तितका पुन्हा झाला नाही. सम्प सुकवून ठेवला. एकच जाळी उरली. ती टाकायला हात होईना. वीस लिटरच्या बादलीत ती ठेवली, वर एअर पंपाची नळी सोडली, सोबत चार गप्पी. त्यांना रोज चिमूटभर खाद्य, त्यांचा अमोनिया जाळीला. बादलीतलं पाणी आटायचं तेवढंच भरायचं, टँकरच्या पाण्याने. त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पूड, असायची म्हणून क्लोरीन मारणाऱ्या हायपोचे दोन खडे टाकून. दिवसाला तांब्याभर पाणी. तेवढ्याचा हिशेब मी स्वतःला देऊ शकत होतो, तरी पाहुणे आले की बादली बाथरूममध्ये सरकवायचो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, परतीच्या पावसात मांजरा भरलं. टाकी पुन्हा भरली, जाळी सम्पमध्ये ठेवली, मासे एक-एक करून, आठवड्याच्या अंतराने आणले. चौथ्या दिवशी टेस्ट किटच्या नळीत थेंब टाकले. पिवळा रंग, म्हणजे अमोनिया शून्य. चार-सहा आठवडे लागतात त्या कामाला चार दिवस. आता टाकीत पूर्वीपेक्षा निम्मे मासे आहेत आणि सम्पच्या शेवटच्या कप्प्यात मनीप्लँटची मुळं सोडलीयत, ती नायट्रेट खातात. पाणी महिन्यातून एकदा बदलतो, आणि निघालेलं कढीपत्त्यालाच जातं.

जाळी तीच आहे. दोरी दोनदा बदलली. उठताना कपाटाचं दार लावून घ्या, पण घट्ट नको, बोटभर फट ठेवा. आत हवा लागते.